ओकिनावाला कराटेचा गट नेताना

सांगलीहून एका कराटे प्रशिक्षकांनी विचारले आहे की, त्यांच्या वर्गातील १४ ते ५२ वर्षे वयाच्या १८ विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांसाठी ओकिनावाला, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील, कराटेचे मूळ असलेल्या बेटावर, न्यायचे आहे. वर्ग गोजू-र्यू शैलीचा आहे, कोणालाही परदेशप्रवासाचा अनुभव नाही, तर तयारी कोठून सुरू करावी आणि कशाला किती महत्त्व द्यावे. मी ३१ वर्षे हीच शैली शिकवतो आहे आणि आजवर पाच वेळा गट घेऊन ओकिनावाला गेलो आहे. पहिल्या खेपेला झालेल्या चुका पुढे फार उपयोगी पडल्या, म्हणून त्याही लपवत नाही.

तिकिटे, व्हिसा, हॉटेल यांचा विचार करण्याआधी आपल्या पत्रातील १८ या आकड्याकडे पाहावे. ओकिनावातील बहुतेक जुने दोजो (कराटे शिकण्याच्या जागा) म्हणजे गुरूंच्या राहत्या घराचा तळमजला किंवा घरालगतची एक खोली असते. त्याला तेथे 'माची दोजो', म्हणजे वस्तीतला दोजो, असे म्हणतात. वर गुरूंचे कुटुंब राहते, खाली संध्याकाळी आठ-दहा माणसे कामावरून येऊन सराव करतात. आपल्याकडच्या तालमीशी याची तुलना नेहमी केली जाते आणि लाकडी जमीन, व्यायामाची जुनी साधने, भिंतीवरच्या गुरुजनांच्या तसबिरी पाहिल्या की ती पटतेही. पण कोल्हापुरातली तालीम पेठेची असते आणि ओकिनावातला दोजो घराचा असतो, हा फरक गट नेणाऱ्याने कधीही विसरू नये. पहिल्या वेळी मी २२ जणांना घेऊन अशाच एका दोजोत गेलो होतो. गुरूंनी हसतमुखाने स्वागत केले, तीन संध्याकाळी शिकवले, आणि त्या तिन्ही संध्याकाळी तेथील नेहमीचे सात-आठ सभासद आम्हाला जागा मिळावी म्हणून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दिवसभर नोकरी करून सरावाला आलेल्या त्या माणसांचा आठवड्याचा सराव आम्ही बुडवत होतो, आणि कोणीही आम्हाला एका शब्दाने बोलले नाही. चौथ्या दिवशी आमच्यासोबत जपानी जाणणारी जी मुलगी होती तिला त्यांच्यापैकी एका वृद्ध सभासदाने सहज विचारले की, तुमच्या देशातले दोजो फार मोठे असतात का. त्या प्रश्नाचा अर्थ मला परतीच्या विमानात उमगला.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की, एका वेळी आठ, फार तर दहा जणांना न्यावे. १८ जणांना नेण्याचा शब्द देऊन झाला असेल, तर दोन वर्षांत दोन तुकड्या कराव्यात. कोणाला आधी न्यायचे याचे निकष कागदावर लिहून पालकांसमोर ठेवावेत: किमान इतक्या वर्षांचा सराव, गेल्या सहा महिन्यांतील हजेरी, ठरलेले काता (ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचे संच) बिनचूक येणे. पैसे आधी भरणाऱ्याला आधी जागा, ही पद्धत सोयीची वाटते, पण तीमुळे सहा महिन्यांपूर्वी दाखल झालेला मुलगा जातो आणि दहा वर्षे झिजलेला विद्यार्थी मागे राहतो. आणखी एक गोष्ट याच सभेत सांगून टाकावी. या प्रवासातून मिळालेल्या प्रमाणपत्राचा सरकारी नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी उपयोग होत नाही, तेथे मान्यताप्राप्त स्पर्धांमधील यश लागते. हा प्रश्न पालक मनात ठेवतात आणि परतल्यावर विचारतात. 'आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणासाठी निवड' असा फ्लेक्स चौकात लावण्याची घाई झालेल्यांनाही तेव्हाच आवरावे.

संख्या ठरली की पत्रव्यवहार. आपण ज्यांच्याकडे शिकलात त्या गुरूंना, आणि त्यांचे गुरू हयात असल्यास त्यांनाही, विचारल्याशिवाय थेट ओकिनावातील दोजोशी संपर्क साधू नये. तेथे परंपरेची साखळी फार गांभीर्याने पाहिली जाते आणि 'तुम्हाला कोणी पाठवले' या प्रश्नाला सरळ उत्तर असावे लागते. गोजू-र्यूचे संस्थापक मियागी चोजुन १९५३ साली वारले आणि त्यांच्या शिष्यांनी आपापले दोजो चालवले. मियाझातो एइइची यांचे जुंदोकान, यागी मेइतोकु यांचे मेइबुकान, तोगुची सेइकिची यांचे शोरेइकान अशा शाखा त्यांतून झाल्या. काता तेच असले तरी हाताची उंची, वळण्याची दिशा, श्वासाचा आवाज यांत शाखेनुसार फरक असतो, म्हणून आपण कोणत्या शाखेचे हे माहीत असलेच पाहिजे. ज्यांची ओळख कोठेच लागत नाही त्यांच्यासाठी ओकिनावाची राजधानी असलेल्या नाहा शहराला लागून असलेल्या तोमिगुसुकु येथे २०१७ साली सुरू झालेले ओकिनावा कराटे काइकान आहे; तेथील माहिती केंद्र परदेशी अभ्यासकांची योग्य दोजोशी गाठ घालून देते. पत्र किमान सहा महिने आधी जावे. त्यात किती जण, कोणत्या वयाचे, किती वर्षांचा सराव, कोणत्या तारखांच्या संध्याकाळी येता येईल आणि नेमके काय शिकायचे आहे एवढे असावे. बेल्टच्या परीक्षेचा उल्लेख करू नये. दहा दिवसांच्या पाहुण्याने दर्जा मागणे म्हणजे पहिल्यांदा जेवायला गेलेल्या घरी वाटणीचा विषय काढण्यासारखे आहे.

तारखांच्या बाबतीत आपण निवडलेली दिवाळीची सुट्टी चांगली आहे. मे महिन्याची सुट्टी आपल्याला सोयीची वाटते, पण एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानभर सलग सुट्ट्या असतात, विमाने भरलेली असतात, काही दोजो बंद असतात आणि त्यानंतर लगेच ओकिनावाचा पावसाळा सुरू होतो, तो साधारणपणे जून उतरेपर्यंत चालतो. जुलै ते सप्टेंबर हे महिने उकाड्याचे आणि तैफूनचे, म्हणजे चक्रीवादळांचे. ऑक्टोबरमध्ये हवा निवळते, मात्र एखादे तैफून ऑक्टोबरातही येते आणि दोन-दोन दिवस विमानतळ बंद ठेवते. परतीचा दिवस आणि नोकरीवर हजर होण्याचा दिवस यांच्यात दोन दिवस मोकळे ठेवण्याचे कारण हेच. २५ ऑक्टोबर हा ओकिनावात कराटे दिन म्हणून पाळला जातो. १९३६ साली याच दिवशी नाहामध्ये भरलेल्या ज्येष्ठ गुरूंच्या बैठकीत 'चिनी हात' या अर्थाच्या जुन्या लेखनाऐवजी 'रिकामा हात' या अर्थाचे लेखन स्वीकारले गेले, आणि प्रांताच्या विधिमंडळाने २००५ साली तो दिवस घोषित केला. त्या सुमारास नाहाच्या कोकुसाई रस्त्यावर सामूहिक काता होतात. २०१६ साली ३,९७३ जणांनी एकाच वेळी काता करून विक्रम नोंदवला होता. दिवाळी लवकर येणाऱ्या वर्षी हा योग साधता येतो. पण त्या आठवड्यात गुरुजन कार्यक्रमांत गुंतलेले असतात, त्यामुळे शिकण्याचे दिवस त्याच्या पुढे किंवा मागे ठेवावेत.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी सरळ आहे. जपानचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो, म्हणून उत्साहाच्या भरात पाच महिने आधी अर्ज करू नये. दिवसवार कार्यक्रमपत्रिका द्यावी लागते; तीत दोजोला जाण्याच्या संध्याकाळी जशा आहेत तशा लिहाव्यात, केवळ स्थळदर्शन दाखवून खरा हेतू झाकू नये. १८ वर्षांखालील मुलांसाठी दोन्ही पालकांचे संमतिपत्र, जन्मदाखला आणि सोबतच्या प्रौढाचे नाव यांची फाइल वेगळी करावी. पासपोर्टवरील नाव आणि तिकिटावरील नाव एका अक्षरानेही वेगळे नसावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे घालण्याची सवय येथे घोटाळा करते.

मुंबईहून नाहाला थेट विमान नाही. टोकियोमार्गे किंवा तैपेई, हाँगकाँग, सोल अशा एखाद्या शहरामार्गे जावे लागते. टोकियोपासूनही नाहा सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. स्वस्त पडते म्हणून दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे काढली, तर मधल्या देशात सामान ताब्यात घेऊन पुन्हा चढवावे लागते, त्यासाठी त्या देशात प्रवेश करावा लागतो आणि त्याची परवानगी आपल्याकडे नसते. आमच्या ओळखीतील एक गट असा विमानतळावरच अडकला आणि दोन दिवस उशिरा पोहोचला. शक्यतो मुंबईपासून नाहापर्यंत एकच तिकीट घ्यावे आणि परतीचेही तसेच.

विम्याबाबत एकच सांगतो, पण ते नीट वाचावे. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत संपर्क खेळांमध्ये झालेली इजा वगळलेली असते, आणि आपण तर त्यासाठीच चाललो आहोत. 'कराटे सराव करताना झालेली इजा यात येते का' असे लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. एजंटाचे 'सर, सगळं कव्हर आहे' हे वाक्य फोनवर कितीही गोड वाटले तरी इस्पितळात कामाला येत नाही.

औषधांची तपासणी मी स्वतः करतो, प्रत्येकाची पिशवी उघडून. जपानचे नियम कडक आहेत. अँफेटामाइन असलेली औषधे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. दहा टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्याही चालत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगीचा कागद मिळवावा लागतो. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत असाव्यात. आता एक विषयाला धरून असलेले अवांतर: दिवाळीच्या दिवसांत जाताना घरून अनारशांचा डबा येतोच, आणि अनारशांवर खसखस असते. सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाणार असाल तर तेथे खसखशीला बंदी आहे. अनारसे घरीच खावेत, चकल्या न्याव्यात.

आता सरावाच्या तयारीकडे वळतो. माझ्या मते बाकीच्या सगळ्याला मिळून जेवढा वेळ द्याल तेवढा या एका भागाला द्यावा.

ओकिनावाला जाऊन नवे काता शिकून येऊ, अशी बहुतेकांची कल्पना असते. तसे होत नाही, आणि होऊ नये. गुरू पहिल्या संध्याकाळी म्हणतात, 'दाखवा.' तुम्ही दाखवता. मग जे दिसते त्यावरून पुढचे सगळे दिवस ठरतात. दुसऱ्या खेपेला आम्ही मोठ्या तयारीने सेइपाई हा वरच्या टप्प्याचा काता दाखवला. गुरूंनी तो शेवटपर्यंत पाहिला, मान डोलावली आणि एकच शब्द उच्चारला: 'सान्चिन.' पुढचे दोन तास आम्ही सान्चिन या पायाभूत काताची पहिली तीन पावले टाकत होतो. माझ्या पाळीला त्यांनी मागून येऊन माझ्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. आणि मी इतकी वर्षे मुलांना 'खांदे खाली' म्हणून ओरडत असताना माझाच खांदा बोटभर वर होता हे मला त्या हाताखाली तो आपोआप उतरला तेव्हा कळले. मग त्यांनी माझ्या पुढच्या पायाचा अंगठा स्वतःच्या पायाने किंचित आत ढकलला आणि पुढच्या माणसाकडे गेले. त्या संपूर्ण खेपेत मला मिळालेले शिक्षण एवढेच, आणि ते मी अजून पचवतो आहे.

म्हणून किमान तीन महिने आधीपासून सगळ्या गटाने दोनच काता घ्यावेत: सान्चिन आणि गेकिसाई. गेकिसाई मियागी यांनी १९४० च्या सुमारास नवशिक्यांसाठी रचला, त्यामुळे तो सोपा समजून ब्लॅक बेल्ट झाल्यावर सोडून दिला जातो. ओकिनावात मात्र साठी ओलांडलेली माणसे तो करताना दिसतात. ज्येष्ठांनी सोबत सेइयुंचिन घ्यावा. सान्चिनचे दोन आराखडे प्रचलित आहेत, एक मियागी यांचे गुरू हिगाओन्ना कानऱ्यो यांच्याकडून आलेला वळणांचा आणि दुसरा मियागी यांचा न वळता मागे येण्याचा. दोन्हींची पावले पाठ असावीत, म्हणजे तेथे कोणताही घेतला तरी रांगेत टक्कर होणार नाही. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी श्वास कोंडून अंग आवळण्याचा हा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. आपल्या गटातील पन्नाशीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी हे ऐच्छिक ठेवणार नाही.

शरीराची तयारी वेगळी. आपल्याकडे सराव शाळेच्या मैदानावर, गच्चीवर किंवा स्पंजच्या मॅटवर होतो. तेथे घासून गुळगुळीत झालेली लाकडी जमीन असते आणि दमट हवेत ती घामाने निसरडी होते. पहिल्या दोन दिवसांतच तळपायाला फोड येतात. घरातल्या फरशीवर अनवाणी शिको-दाचीत (पाय फाकवून, गुडघे वाकवून उभे राहण्याच्या पवित्र्यात) पुढे-मागे सरकण्याचा सराव आठवड्यातून तीनदा केला तर कातडी बऱ्यापैकी तयार होते. सेइझा म्हणजे आपले वज्रासनच, पण जेवणानंतर पाच मिनिटे बसणे वेगळे आणि गुरू बोलत असताना न हलता पंधरा मिनिटे बसणे वेगळे. तीन मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला वेळ वाढवावा. गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी आधीच तसे सांगून मांडी घालून बसण्याची परवानगी घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही.

तेथे सरावाचा बराच वेळ जुन्या साधनांवर जातो, आणि ती प्रथमच हातात घेतली तर मनगटे धरतात. चिइशी म्हणजे एका टोकाला दगड किंवा सिमेंटचा गोळा असलेला दांडा. मुद्गल फिरवलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही, मात्र सगळे वजन एका टोकाला असल्याने मनगटाचा कस लागतो. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून मध्ये फावड्याचा दांडा उभा केला की घरच्या घरी चिइशी तयार होते. तीन-चार किलोपेक्षा जड करू नये. निगिरीगामे म्हणजे बोटांनी काठ धरून उचलायचे मातीचे रांजण. त्यासाठी रुंद तोंडाच्या दोन बरण्या पुरतात, आधी रिकाम्या, मग थोडी थोडी वाळू घालत जावे. हातावर हात आपटण्याचा कोते-किताएचा सराव मात्र येथे हळूहळू वाढवावा आणि १६ वर्षांखालील मुलांना त्यापासून दूर ठेवावे. तेथील साठीतल्या एखाद्या आजोबांचा हात मऊ दिसतो म्हणून आपल्या पोराने जोर लावला, की रात्री बर्फ शोधत फिरावे लागते.

शिष्टाचाराचे वर्ग सरावाइतकेच नियमित घ्यावेत, कारण ते ऐनवेळी आठवत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक वाक्याला 'ओस' म्हणण्याची पद्धत रुजली आहे. ओकिनावात ती नाही, आणि अनेक ज्येष्ठांना हा शब्द उद्धट वाटतो. तेथे साधे 'हाय' म्हणजे 'हो' म्हणावे. सुरू करताना 'ओनेगाइशिमासु', संपल्यावर 'आरिगातो गोझाइमाशिता'. दारात चपला काढून टोके बाहेरच्या दिशेने करून ठेवाव्यात, आणि हे सर्वात शेवटी आत येणाऱ्याने सगळ्यांच्या चपलांसाठी पाहावे. सराव संपला की ओल्या फडक्याने जमीन पुसली जाते: दोन्ही तळहात फडक्यावर टेकून, कंबर वर ठेवून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धावत. पाहुणे म्हणून उभे राहू नये, सर्वात आधी फडके उचलावे. सुधारणा सांगितल्यावर 'आमच्याकडे असे शिकवतात' हे वाक्य कोणीही, विशेषतः आपण प्रशिक्षकांनी, उच्चारू नये. दोन दोजोंत दोन पद्धती दिसल्या तर 'बरोबर कोणती' असे विचारू नये. मोबाईल पिशवीत ठेवावा. चित्रीकरणाची परवानगी शेवटच्या दिवशी, एकदाच, गटप्रमुखाने मागावी आणि नकार आला तर तो तेथेच संपवावा. त्यापेक्षा प्रत्येकाकडे एक वही असावी आणि रात्री झोपण्याआधी त्या दिवशीची एकच सुधारणा तीत लिहावी.

भाषेची सोय आधीच करावी. पुण्यात जपानी शिकलेली मुले-मुली भरपूर आहेत, आणि त्यांतील एखादी कराटेही करणारी मिळाली तर तिचा अर्धा खर्च गटाने उचलावा असे मी म्हणेन. दोजोत शब्द कमी लागतात, पण पत्रे, डॉक्टर, जेवण आणि क्षमा मागणे यांसाठी माणूसच लागतो.

गणवेश किमान दोन, शक्य तर तीन न्यावेत. जाड कापडाचा गी घामाने भिजला की तेथील हवेत दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वाळत नाही. राहण्याच्या जागेजवळ नाणी टाकून चालणारे धुलाईयंत्र आहे का ते पाहून घ्यावे. छातीवर स्वतःच्या संस्थेचे, दंडावर प्रायोजकाचे आणि पाठीवर जिल्ह्याचे नाव असे गी घरीच ठेवावेत आणि साधे पांढरे न्यावेत. अंगठ्या, कडे, गळ्यातील साखळी सरावाआधी काढावी. मनगटातला दोरा काढायचा नसेल तर त्यावर पट्टी बांधावी. नखे कापलेली असावीत. कोबुदोची, म्हणजे ओकिनावाच्या पारंपरिक शस्त्रविद्येची, शस्त्रे येथून नेऊच नयेत. नुंचाकू किंवा साई हातातल्या बॅगेत निघाली तर मुंबईच्या तपासणीतच जप्त होते, आणि सहा फुटी बो, म्हणजे काठी, विमान कंपनीच्या नेहमीच्या मापात बसत नाही. तेथे दोजोत साधने असतात. विकत घ्यायची तर नाहामध्ये शुरेइदोसारखी जुनी दुकाने आहेत, आणि ती परतताना मोठ्या बॅगेत टाकावीत.

पैशांचा हिशेब सुरुवातीलाच उघड ठेवावा. आपल्याकडे प्रशिक्षकाचे तिकीट विद्यार्थ्यांच्या शुल्कात न सांगता मिसळले जाते, आणि वर्षभराने ते कळते तेव्हा वर्ग फुटतो. प्रशिक्षकाचा खर्च गटाने करण्यात गैर काही नाही, तो वेगळ्या ओळीत लिहिला म्हणजे झाले. ओकिनावात रोख येन जवळ असावेत. दोजोचे शुल्क सगळ्यांचे एकत्र करून, कोऱ्या नोटा कोऱ्या पाकिटात घालून, गटप्रमुखाने दोन्ही हातांनी द्यावे. हातात मोजून नोटा देऊ नयेत. भेटवस्तू सर्वांना वाटून खाता येईल अशी असावी. सीलबंद काजू आणि लोणावळ्याची चिक्की यांचे माझ्या अनुभवात चांगले स्वागत झाले. फळे, रोपे, बिया, ताजा कढीपत्ता आणि मांसाचे कोणतेही पदार्थ जपानच्या सीमेवर अडवले जातात.

शाकाहारी विद्यार्थ्यांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो पहिल्याच रात्री उभा राहील. ओकिनावाच्या स्वयंपाकात डुकराचे मांस ठायी ठायी असते आणि भाजीच्या रश्शातही वाळवलेल्या मासळीचे पाणी असते. तेथले प्रसिद्ध गोया चांपुरू म्हणजे कारल्याची भाजी, हे ऐकून आमच्या मंडळींनी मोठ्या आनंदाने मागवले, तर त्यात अंडे आणि डुकराचे मांस निघाले. म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी. सराव रात्री नऊ-दहाला संपतो आणि त्या वेळी दूरच्या उपाहारगृहात जाण्याची ताकद उरत नाही. दुकानात मिळणारा शिजवलेल्या भाताचा डबा दोन मिनिटे गरम करायचा, त्यावर घरून आणलेले मेतकूट, तूप आणि चिमूटभर मीठ घालायचे, बाजूला लिंबाचे लोणचे. दहाच्या दहा माणसे काही न बोलता जेवतात. पोहे-उपम्याची तयार पाकिटे आणि थेपले सकाळसाठी पुरतात. तेथली काळी साखर आपल्या गुळाच्या इतकी जवळची आहे की मुले ती खिशात घेऊन फिरतात.

मुले सोबत असतील तर दर चार मुलांमागे एक प्रौढ, आणि मुली असतील तर गटात किमान दोन जबाबदार स्त्रिया, याखाली मी जात नाही. रात्री परतताना सगळ्यांनी एकत्र यावे. नाहामध्ये विमानतळापासून मोनोरेल आहे आणि ती सोयीची आहे, पण अनेक दोजो तिच्यापासून दूर गल्ल्यांमध्ये असतात. तेथे टॅक्सीसाठी पत्ता जपानी लिपीत छापून प्रत्येकाच्या खिशात द्यावा. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. अमेरिकेच्या ताब्यातील काळात ओकिनावात ती उजवीकडून चालत आणि ३० जुलै १९७८ रोजी एका रात्रीत बाजू बदलली गेली, ही हकीकत तेथील वयस्क टॅक्सीवाले रंगवून सांगतात.

सराव संध्याकाळी असल्याने दिवस मोकळे राहतात. ते सगळे खरेदीत जाऊ देऊ नयेत आणि सगळे व्यायामातही घालवू नयेत. एक दिवस पूर्ण विश्रांती हवी, साधारण पाचव्या दिवशी, कारण अंग तेव्हाच सर्वाधिक दुखते. एक दिवस मात्र इतोमान येथील शांतता उद्यानासाठी ठेवावा. १९४५ च्या लढाईत मरण पावलेल्या, कोणत्याही देशाच्या, दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसांची नावे तेथे काळ्या दगडांवर कोरलेली आहेत. मियागी यांचे अत्यंत जवळचे शिष्य शिनझातो जिन'आन याच युद्धात गेले, आणि त्यांच्याबरोबर शैलीचे काय काय गेले असेल याचा अंदाज आपण केवळ करू शकतो. जाण्याआधी हा इतिहास मुलांना सांगावा. नाहीतर ती दगडांसमोर काताच्या पवित्र्यात छायाचित्रे काढतात; आमच्या मुलांनी काढली होती, आणि तेव्हा चूक माझी होती.

परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत गुरूंना आभाराचे पत्र जावे, छापील छायाचित्रासह, संदेशातून नव्हे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव आणि तो सध्या कोणती सुधारणा घोटतो आहे त्याची एक ओळ असावी. वहीतून ती सहज उतरवता येते. तिसऱ्या खेपेनंतर आम्ही असे पत्र पाठवले होते. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते दोजोच्या कपाटात घडी करून ठेवलेले होते, आणि गुरूंनी ते हातात घेऊन एकेकाला नावाने पुढे बोलावले व त्याचीच ती ओळ तपासली.